आधी पूर्वपक्ष, मग आपले म्हणणे

मत मांडणारा निबंध लिहिताना बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी मत पक्के होते, मग त्याला साजेसे आकडे शोधले जातात, लेख जवळपास पुरा होतो आणि मग आठवते की विरोधी बाजूही कुठेतरी यायला हवी. शेवटून दुसरा परिच्छेद ‘काही लोकांच्या मते’ असा सुरू होतो. तीन वाक्यांत समोरच्यांचे म्हणणे उरकले जाते आणि ‘परंतु हे योग्य नाही’ एवढ्यावर निकाल लागतो. मुळात आपल्याच मताचे असलेले वाचक यावर खूश होतात. ज्यांचे मन वळवायचे होते ते मात्र तिथेच वाचणे सोडतात, कारण त्या तीन वाक्यांत त्यांचे खरे म्हणणे नसतेच.

हा क्रम बदलला तर निबंध किती सुधारतो, हे एका खऱ्या विषयावर दाखवण्याचा हा प्रयत्न आहे. महाविद्यालयात प्रकल्प लिहिणारे, राज्यसेवेच्या वर्णनात्मक परीक्षेतील निबंधाची तयारी करणारे आणि वृत्तपत्राच्या संपादकीय पानासाठी लिहू पाहणारे, अशा सर्वांना तो उपयोगी पडावा. विषय घेऊ मराठवाड्यातील उसाचा. या विषयावर महाराष्ट्रात प्रत्येकाचे मत असते, दोन्ही बाजूंना खरे वजन आहे आणि कागदपत्रे मिळण्यासारखी आहेत.

प्रश्न आधी नीट विचारा

‘ऊस: शाप की वरदान’ हा वक्तृत्व स्पर्धेचा विषय झाला. अभ्यासाला तो चालत नाही, कारण त्याचे उत्तर कोणत्याही पुराव्याने बदलत नाही. निबंधाचा प्रश्न असा हवा की दोन शहाणी माणसे त्यावर प्रामाणिकपणे वेगळी मते बाळगू शकतील आणि नवी माहिती मिळाली तर त्यांतले एखादे आपले मत थोडे तरी सरकवेल. ‘मराठवाड्यात उसाचे क्षेत्र आणि नवे साखर कारखाने यांच्यावर पाण्याच्या उपलब्धतेनुसार मर्यादा असावी का?’ हा असा प्रश्न आहे. त्यात प्रदेश ठरलेला आहे, उपाय ठरलेला आहे, निकषही ठरलेला आहे. यातला एकही शब्द सैल सोडला, तर पुढे विरोधकाला उत्तर देताना तुम्ही एका प्रश्नावरून दुसऱ्यावर उड्या मारू लागाल.

आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांना हा शिरस्ता चांगला ठाऊक होता. मीमांसकांच्या अधिकरणात आधी विषय, मग संशय, त्यानंतर पूर्वपक्ष म्हणजे विरोधी बाजूची मांडणी आणि मग सिद्धान्त असा क्रम असतो. संशय पूर्वपक्षाच्याही आधी येतो, याकडे नव्या लेखकाने आवर्जून लक्ष द्यावे. आणि पूर्वपक्ष किती जबाबदारीने मांडावा लागतो याचे उदाहरण हवे असेल तर चौदाव्या शतकातला माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ पाहा. ग्रंथकार वेदान्ती, पण ग्रंथाची सुरुवात चार्वाकाच्या मतापासून आहे. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ सगळे हरवले, त्यामुळे आज आपल्याला त्यांचे विचार माहीत आहेत ते बरेचसे अशा विरोधकांच्या लेखनातून. तुमच्या वाचकांपैकी अनेकांना विरोधी मताची ओळख केवळ तुमच्याच निबंधातून होणार असते. त्या मताची मोडतोड करून ती ओळख करून देणे हा त्या वाचकावरही अन्याय आहे.

शोध दुसऱ्या टोकापासून सुरू करा

समजा तुमचा कल मर्यादा घालण्याकडे आहे. मग वाचनाचा पहिला टप्पा ऊस लावणाऱ्यांच्या बाजूसाठी राखून ठेवा. आपल्या बाजूचा मजकूर हाती यायला फारसा वेळ लागत नाही, तो आपोआप समोर येतो. दुसऱ्या बाजूचा शोधावा लागतो आणि मत घट्ट व्हायच्या आत शोधावा लागतो. शक्य असेल तर एखाद्या ऊस उत्पादकाशी बोला. त्याला वाद घालायला लावू नका. ऊस का लावला, दुसरे काय लावून पाहिले होते, ते का सोडले, एवढेच विचारा आणि उत्तर त्याच्या शब्दांत टिपून ठेवा.

कागदपत्रांत काय पाहावे? अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास प्रसिद्ध होते, तिच्यात पीकक्षेत्र आणि उत्पादनाचे तक्ते असतात. पुण्याचे साखर आयुक्तालय गाळपाची माहिती देते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी असतात. केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोग उसावर स्वतंत्र अहवाल काढतो. प्रादेशिक असमतोलाच्या बाजूने पाहायचे तर विजय केळकर समितीचा २०१३चा अहवाल आहे. आणि उसाच्या बाजूचा जुना, भक्कम आधार हवा असेल तर गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांची जी पाहणी केली, ती १९४८ साली प्रसिद्ध झाली आहे. पुढे याच प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यात गाडगीळांचा मोठा वाटा होता. बागायतीने माणसांच्या आयुष्यात काय फरक पडला, हे न वाचता उसावर टीका करणारा निबंध अपुराच राहील.

वाचताना वहीची दोन पाने समोरासमोर ठेवा. डावीकडे आपल्या बाजूचा पुरावा, उजवीकडे विरोधी. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून आली, कोणत्या वर्षाची आहे आणि पान कोणते, हे तिथल्या तिथे लिहा. उजवे पान रिकामे दिसत असेल तर लिहायला बसू नका. वाचन अजून व्हायचे आहे.

आकडा मुळापर्यंत न्या

या विषयावर सर्वाधिक फिरणारा आकडा असा: राज्याच्या लागवडीखालील क्षेत्रापैकी सुमारे ४ टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो. कृषी मूल्य आयोगाच्या ऊसविषयक अहवालांतून हा आकडा चर्चेत आला आणि मग लेखालेखांतून फिरत राहिला. तो वापरायला हरकत नाही. पण वापरण्यापूर्वी विचारा की हा अंदाज कोणत्या वर्षाचा आहे? क्षेत्र निव्वळ धरले आहे की एकूण पिकांखालचे? पाण्यात विहिरींचा उपसा मोजला आहे की फक्त कालव्याचे पाणी? आणि सर्वांत महत्त्वाचे, राज्याचा आकडा मराठवाड्याला लावता येईल का? कोल्हापूर-सांगलीचा ऊसही त्याच बेरजेत आहे.

वर्षाचा प्रश्न किरकोळ नाही. २०१६-१७च्या हंगामात राज्यात साखर निघाली सुमारे ४२ लाख टन; २०२१-२२मध्ये हीच साखर सुमारे १३७ लाख टनांवर गेली. इतके खाली-वर होणाऱ्या पिकाबद्दल एका वर्षाचा आकडा ‘नेहमीचा’ म्हणून देता येत नाही. शिवाय या चढउतारातून विरोधकाला एक मुद्दाही मिळतो: पाणी नसले की शेतकरी स्वतःच ऊस कमी करतो, मग सरकारी मर्यादा कशाला? हा मुद्दा तुमच्या हाती आलेल्या आकड्यातूनच निघाला आहे, म्हणून तो लपवू नका. उजव्या पानावर लिहा आणि उत्तर शोधा. माझ्या मते उत्तर असे आहे की शेतकऱ्याचा हात आखडतो तो पाणी संपल्यावर, आणि तोवर खालच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊन गेलेला असतो. पण हे माझे अनुमान आहे. धरणातले साठे आणि टँकरच्या तारखा मांडून ते तपासल्याशिवाय निबंधात विधान म्हणून जाता कामा नये.

तुलनेतही अशीच गफलत होते. उसाला सोयाबीनच्या कितीतरी पट पाणी लागते, हे वाक्य खरे आहे पण अर्धवट आहे. सोयाबीन साधारण साडेतीन महिन्यांत निघते. सुरू ऊस वर्षभर आणि आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. प्रामाणिक तुलना करायची तर एका वर्षाच्या उसासमोर त्याच जमिनीतले सोयाबीन आणि त्यामागचा हरभरा, अशी दोन पिके धरायला हवीत. मग एकरी पाणी, पाण्याच्या प्रत्येक थेंबामागचे उत्पन्न, मजुरीचे दिवस असे वेगवेगळे हिशेब करून पाहावेत. मराठवाड्याचा सरासरी पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि पाटपाण्यावरच्या उसाची गरज दोन हजार मिलिमीटरच्याही पुढे जाते. तेव्हा नीट तुलना करूनही तुमची बाजू उभी राहण्याची शक्यता बरीच आहे. मग ती अर्धवट तुलनेवर का उभी करायची? विरोधकाने ती एक फट दाखवली की वाचक उरलेल्या लेखावरही शंका घेतो.

लातूरच्या रेल्वेबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले गेले. पहिल्या फेरीत दहा टाक्यांतून पाच लाख लिटर. त्या दिवसांची छायाचित्रे ज्यांनी पाहिली त्यांच्या मनातून ती जाणार नाहीत आणि उसावर लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाला निबंधाची सुरुवात तिथून करावीशी वाटते. ती करायला हरकत नाही. पण ‘उसामुळे लातूरला रेल्वेने पाणी द्यावे लागले’ असे लिहिले की तुम्ही कार्यकारणाचा दावा केलात. २०१४ आणि २०१५ या सलग दोन वर्षांत पावसाने ओढ दिली होती आणि मांजरा धरण कोरडे पडले होते. शहराच्या पाणीपुरवठ्याचे नियोजन हाही वेगळा विषय होता. ऊस हे त्यातले एक कारण असू शकते. किती मोठे, हे मांडायला वरच्या भागातील लागवड आणि उपसा यांचा पुरावा लागेल. मन हलवणारी घटना हाती असते तेव्हा पुराव्याची कसोटी सैल होते. म्हणून अशा घटनेपाशी दुप्पट सावध राहावे.

पूर्वपक्ष असा लिहा की त्या बाजूच्या माणसाने ‘हो’ म्हणावे

दोन नमुने पाहा. पहिला नेहमीच्या पद्धतीचा:

‘काही लोकांना वाटते की उसामुळे शेतकऱ्यांना भरपूर पैसा मिळतो. पण पाणीच नसेल तर पैशाचा काय उपयोग?’

आता दुसरा:

‘मराठवाड्यातला शेतकरी उसाकडे वळतो त्याला ठोस कारणे आहेत. लावतानाच विक्रीची बऱ्यापैकी खात्री असलेले दुसरे पीक त्याच्यासमोर क्वचितच असते. उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरवते, तो देणे कारखान्यावर बंधनकारक आहे आणि १४ दिवसांत पैसे मिळाले नाहीत तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज मागता येते. सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो, पण सगळा माल त्या भावाने घेण्याचे बंधन कोणावर नाही. २०२४-२५च्या हंगामात हा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि काढणीच्या दिवसांत बाजार समित्यांतले दर त्याहून खाली होते. गारपिटीत सोयाबीन-हरभरा हातचा जातो, ऊस बहुधा तग धरतो. तोडणी आणि वाहतुकीची व्यवस्था कारखाना करतो. हे सगळे जमेस धरून, विहिरीला पाणी असलेल्या शेतकऱ्याने ऊस लावला तर त्यामागे हिशेब आहे.’

दुसरा परिच्छेद वाचून ऊस उत्पादक पुढे वाचेल. त्याला पटले आहे की लेखकाला त्याचे घर कसे चालते हे कळते. आणि तुमच्यावरही आता जबाबदारी आली. या परिच्छेदाला उत्तर द्यायचे तर ‘पाणी हेच जीवन’ असे म्हणून भागणार नाही.

विरोधी मत एकच असते असेही समजू नका. तुमच्या प्रश्नावर एक बाजू म्हणेल, मर्यादा नकोच. दुसरी म्हणेल, मर्यादा फारच सौम्य आहे, ऊस बंदच करा. अर्थशास्त्राचा एखादा अभ्यासक म्हणेल, पीक सरकारने ठरवू नये, पाणी मोजून द्यावे आणि त्याची खरी किंमत लावावी. कृषिशास्त्राच्या अंगाने कुणी म्हणेल, ठिबक सक्तीचे करा, पीक बदलायची गरज नाही. यांतला सर्वांत दुबळा विरोधक निवडून त्याला हरवणे सोपे असते. निवडायचा तो सर्वांत भारी. मला स्वतःला ठिबकवाल्यांचा मुद्दा सर्वांत भारी वाटतो, कारण तो तुमची पाण्याची चिंता मान्य करतो आणि तरी तुमचा उपाय नाकारतो. राज्य सरकारने २०१७मध्ये उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला होता, तेव्हा तो निव्वळ कागदी मुद्दाही नाही.

उत्तर तीन प्रकारचे असू शकते

पहिला प्रकार: समोरच्याची माहितीच चुकीची आहे. हे क्वचित घडते आणि घडले तर पुरावा दाखवून दोन वाक्यांत संपवावे.

दुसरा: माहिती बरोबर, पण त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. ठिबकने एकरी पाणी वाचते हे मान्य. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या शेतात आणखी ऊस लागला, तर खोऱ्यातला एकूण उपसा कमी होत नाही. सिंचनाच्या अभ्यासात हा अनुभव जगभर नोंदलेला आहे. म्हणून ठिबक हवेच, पण क्षेत्रावर मर्यादा नसेल तर ते एकटे पुरणार नाही. इथे तुम्ही विरोधकाचा मुद्दा उचलून आपल्या प्रस्तावात बसवला.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड आणि निबंधाला सर्वांत उपयोगी: माहितीही बरोबर, निष्कर्षही बरोबर. मग आपले विधान आखडते घ्यायचे. ‘मराठवाड्यात ऊस नको’ या विधानाने सुरुवात केली असेल तर विक्रीच्या हमीचा मुद्दा त्याला टिकू देत नाही. दुसरे खात्रीचे पीक हाती न देता ऊस काढून घेणे म्हणजे शेतकऱ्याला बाजाराच्या हवाली करणे. तेव्हा विधान असे होते: ‘पाण्याची तूट असलेल्या तालुक्यांत नव्या साखर कारखान्यांना आणि गाळपक्षमता वाढवण्याला परवानगी देऊ नये, उसाचे सध्याचे क्षेत्र ठिबकखाली आणावे आणि डाळी-तेलबियांची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी सुरू झाल्यावर क्षेत्रमर्यादा टप्प्याटप्प्याने लावावी.’ हे विधान पहिल्याइतके खणखणीत ऐकू येत नाही, पण त्याचा बचाव करता येतो. विरोधी बाजू वाचूनही तुमचे विधान पहिल्या दिवशी होते तसेच्या तसे राहिले असेल, तर बहुधा ती बाजू नीट वाचली गेलेली नाही.

आपल्या बाजूच्या पुराव्यालाही हीच कसोटी लावा. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा कुटुंबातील माणसांवर ठरवला आणि उसाला मनाई केली. हिवरे बाजारनेही ऊस टाळला. ही उदाहरणे द्यावीशी वाटणारच. पण ती लहान गावांची आहेत, लोकसंमतीने घेतलेल्या निर्णयांची आहेत आणि मराठवाड्याबाहेरची आहेत. मोठ्या धरणाच्या लाभक्षेत्राला ती जशीच्या तशी लागू होत नाहीत. हे तुम्ही स्वतः लिहा. गावाने ठरवले तर नियम टिकतो, एवढेच त्यांतून सिद्ध होते आणि एवढेही पुष्कळ आहे.

विरोधी बाजू लेखात कुठे ठेवायची याचा पक्का नियम नाही. वाचक बहुतांशी विरोधी मताचा असेल तर ती सुरुवातीलाच घ्यावी, कारण त्याच्या मनातला प्रश्न मिटेपर्यंत तो तुमचे ऐकणार नाही. मुद्दे वेगवेगळे असतील तर प्रत्येक मुद्द्याबरोबर त्याचा आक्षेप आणि उत्तर घ्यावे. शेवटच्या कोपऱ्यात मात्र नको.

भाषेबद्दल एकच आग्रह. ‘साखरसम्राट’, ‘तथाकथित पर्यावरणवादी’, ‘लॉबी’ हे शब्द पहिल्या मसुद्यात आले तर दुसऱ्यात काढा. समोरच्याचा हेतू वाईट आहे असे म्हटल्याने त्याचा युक्तिवाद चुकीचा ठरत नाही. कारखानदारीत राजकीय हितसंबंध आहेत असे तुम्हाला दाखवायचे असेल तर तो वेगळा मुद्दा म्हणून, पुराव्यानिशी दाखवा.

आणि न्याय्य मांडणी म्हणजे दोन्ही बाजूंना सारख्या ओळी वाटून देणे नव्हे. सगळे वाचून, मोजून तुमचा कौल एका बाजूला पडला तर तो स्पष्ट सांगा. ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे, सुवर्णमध्य काढावा’ असा शेवट म्हणजे लेखकाने काम अर्ध्यात सोडणे. एखाद्या दाव्याला पुरावाच नसेल तर त्याला केवळ समतोल दिसावा म्हणून जागा देऊ नका. उलट ज्यांचा आवाज या वादात फारसा येत नाही त्यांना जागा द्या. कालव्याच्या टोकाचा कोरडवाहू शेतकरी, टँकरची वाट पाहणाऱ्या बायका आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी फडावर जाणारे ऊसतोड मजूर, यांना ऊस ना फक्त शाप आहे ना वरदान. त्यांचे म्हणणे कळले तर तुमचा मूळ प्रश्नही बदलू शकतो.

मसुदा झाला की तो आपल्याच मताच्या मित्राला दाखवू नका. विरोधी मताच्या एका जाणत्या माणसाला फक्त पूर्वपक्षाचा भाग वाचायला द्या आणि एकच विचारा: तुमचे म्हणणे हेच आहे ना? तो ‘नाही’ म्हणाला तर तो भाग पुन्हा लिहा. ‘हो’ म्हणाला तरच उरलेला निबंध त्याच्या हाती द्या.